गाडीला पोचा पडला: क्लेम करावा की खिशातून पैसे भरावेत?

सिग्नलला गाडी थांबते, मागची दुचाकी वेळेत थांबत नाही आणि मागच्या बंपरला धक्का बसतो. कधी सोसायटीच्या पार्किंगमध्ये वळताना दार खांबाला घासते. कुणाला लागलेले नसते, गाडीही व्यवस्थित चालू असते. गॅरेजवाला गाडीभोवती एक चक्कर मारतो आणि विचारतो, "क्लेममध्ये करायचं की कॅश?"

"दरवर्षी एवढा हप्ता भरतो, तो कशासाठी?" असे म्हणून बरेच जण लगेच क्लेम करतात. काही जण उलट टोकाला जातात. बोनस जाईल या भीतीने मोठे बिलही ते स्वतःच भरतात. दोन्ही सवयींमुळे नुकसान होऊ शकते. छोट्या अपघातानंतर क्लेम करावा की नाही, हे दोन आकड्यांवरून ठरते. विमा कंपनी प्रत्यक्षात किती रुपये देणार, हा पहिला आकडा. क्लेममुळे पुढच्या काही वर्षांत हप्त्यापोटी किती जास्त भरावे लागणार, हा दुसरा. दुसरा आकडा बहुतेकांनी कधी मोजलेलाच नसतो.

आधी पॉलिसी कोणती आहे ते पाहा

मोटर वाहन कायदा १९८८ नुसार रस्त्यावर धावणाऱ्या प्रत्येक गाडीला थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे. या विम्यातून दुसऱ्याच्या जिवाचे किंवा मालमत्तेचे नुकसान भरून दिले जाते. स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीसाठी त्यातून एक रुपयाही मिळत नाही. स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून मिळायला 'ओन डॅमेज' म्हणजे ओडी संरक्षण लागते. ते कॉम्प्रिहेन्सिव्ह पॉलिसीत असते किंवा वेगळे घेता येते.

सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदमच घ्यावा लागतो. ओडीचा भाग मात्र अनेकदा एकाच वर्षाचा असतो. त्यामुळे "गाडीचा विमा चालू आहे" असे मालकाला वाटते आणि ओडीची मुदत संपून गेलेली असते. पॉलिसीच्या पहिल्या पानावर दोन्ही भागांच्या तारखा वेगवेगळ्या छापलेल्या असतात. सर्वात आधी त्या पाहाव्यात.

नो क्लेम बोनस म्हणजे नेमके काय?

वर्षभरात ओडीचा क्लेम केला नाही, तर नूतनीकरणाच्या वेळी ओडी हप्त्यात सूट मिळते. हाच नो क्लेम बोनस, म्हणजे एनसीबी. २००२ च्या मोटर टॅरिफमध्ये ठरलेले त्याचे टप्पे आजही बहुतेक पॉलिसींमध्ये तसेच दिसतात:

- सलग १ वर्ष क्लेम नाही: २० टक्के
- सलग २ वर्षे: २५ टक्के
- सलग ३ वर्षे: ३५ टक्के
- सलग ४ वर्षे: ४५ टक्के
- सलग ५ वर्षे किंवा जास्त: ५० टक्के

ही सूट फक्त ओडीच्या हप्त्यावर मिळते. थर्ड पार्टीचा हप्ता सरकार ठरवते, त्याला ती लागू होत नाही. म्हणून "माझा एकूण हप्ता १५ हजार, ५० टक्के बोनस, म्हणजे साडेसात हजार वाचतात" हा हिशेब चुकतो. पॉलिसीत 'बेसिक ओडी प्रीमियम' अशी ओळ असते. सूट त्या रकमेवर मोजायची.

एक ओडी क्लेम मंजूर झाला की पुढच्या नूतनीकरणाला हा बोनस शून्यावर येतो. क्लेम चार हजारांचा असो की चार लाखांचा, परिणाम तोच.

एका क्लेमची खरी किंमत

"बोनस जाणार म्हणजे पुढच्या वर्षी हप्ता थोडा वाढणार," एवढाच विचार साधारणपणे केला जातो. पण शून्यावर आलेला बोनस एका वर्षात परत मिळत नाही. शिडी पुन्हा पहिल्या पायरीपासून चढावी लागते.

समजा एखाद्या गाडीमालकाला यंदा ५० टक्के बोनस आहे. क्लेम केला नाही, तर पुढची पाचही वर्षे त्याला ५० टक्के सूट मिळत राहील. क्लेम केला, तर पुढच्या पाच नूतनीकरणांना सूट अनुक्रमे ०, २०, २५, ३५ आणि ४५ टक्के असेल. म्हणजे दरवर्षी ५०, ३०, २५, १५ आणि ५ टक्क्यांचा तोटा. बेरीज १२५ टक्के. वर्षाच्या पूर्ण ओडी हप्त्याच्या सव्वापट रक्कम पाच वर्षांत हप्त्याहप्त्याने निघून जाते. शिवाय हप्त्यावर १८ टक्के जीएसटी असतो, तोही त्या प्रमाणात जास्त भरावा लागतो.

सूट वजा करण्यापूर्वीचा ओडी हप्ता १०,००० रुपये धरला, तर जीएसटीसह पाच वर्षांतला तोटा असा येतो:

- यंदाच्या पॉलिसीत बोनस ० टक्के (पहिले वर्ष): ५,९०० रुपये
- बोनस २० टक्के: ९,४४० रुपये
- बोनस २५ टक्के: १२,३९० रुपये
- बोनस ३५ टक्के: १४,१६० रुपये
- बोनस ४५ किंवा ५० टक्के: १४,७५० रुपये

ओडी हप्ता २०,००० असेल तर आकडे दुप्पट करायचे, ५,००० असेल तर निम्मे. या हिशेबात दोन गोष्टी गृहीत आहेत. एक, पुढची पाच वर्षे दुसरा क्लेम होणार नाही. दोन, ओडी हप्ता तेवढाच राहील. प्रत्यक्षात गाडी जुनी होते तसे तिचे विमा मूल्य, म्हणजे आयडीव्ही, कमी होते आणि त्यासोबत ओडी हप्ताही सहसा उतरतो. म्हणून खरा तोटा याहून काहीसा कमी भरू शकतो. अंदाज बांधायला मात्र हे आकडे पुरेसे आहेत.

बिलातले किती पैसे मिळतात?

आता पहिल्या आकड्याकडे. गॅरेजचे बिल २१,००० झाले म्हणून कंपनी २१,००० देत नाही. साध्या पॉलिसीत दोन कपाती होतात.

पहिली कपात घसाऱ्याची, म्हणजे डेप्रिसिएशनची. जुना भाग काढून नवा बसवला, की भागाच्या प्रकारानुसार आणि गाडीच्या वयानुसार रक्कम कमी केली जाते. प्रचलित दर असे आहेत:

- प्लास्टिक, रबर, नायलॉनचे भाग, टायर, बॅटरी: ५० टक्के
- फायबर ग्लास: ३० टक्के
- काच: घसारा नाही
- धातूचे आणि इतर भाग: पहिल्या सहा महिन्यांत काही नाही, १ वर्षापर्यंत ५ टक्के, २ वर्षांपर्यंत १०, ३ वर्षांपर्यंत १५, ४ वर्षांपर्यंत २५, ५ वर्षांपर्यंत ३५, १० वर्षांपर्यंत ४० आणि त्यापुढे ५० टक्के

आजच्या गाड्यांचे बंपर प्लास्टिकचे असतात आणि छोट्या अपघातात आधी तेच फुटतात. म्हणजे सर्वात जास्त मोडणाऱ्या भागालाच मोठी कात्री लागते. रंगकामाच्या बाबतीत रंगाच्या सामानावर ५० टक्के घसारा असतो. रंगकामाचे बिल एकत्र असेल तर त्यातला २५ टक्के भाग सामानाचा धरला जातो. मजुरीवर घसारा नसतो.

दुसरी कपात 'कंपल्सरी डिडक्टिबल'ची. खासगी कारसाठी इंजिन १५०० सीसीपर्यंत असेल तर १,००० रुपये आणि त्याहून मोठे असेल तर २,००० रुपये प्रत्येक क्लेममागे मालकाने भरायचे असतात. हप्ता कमी व्हावा म्हणून 'व्हॉलंटरी डिडक्टिबल' घेतलेले असेल, तर तेवढी रक्कम आणखी वजा होते. ऑनलाइन पॉलिसी घेताना हा पर्याय नकळत निवडला गेला आहे का, तेही एकदा पाहावे.

एक उदाहरण मांडून पाहू

१२०० सीसीची, साडेतीन वर्षांची कार. पॉलिसी साधी, झिरो डेप नाही. ओडी हप्ता १०,००० रुपये आणि यंदाचा बोनस ३५ टक्के. मागचा बंपर फुटला आणि शेजारचा पत्र्याचा भाग बदलावा लागणार आहे. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपचा अंदाज करासह असा:

- बंपर ६,००० रुपये: ५० टक्के घसारा, मिळणार ३,०००
- पत्र्याचा भाग ४,००० रुपये: २५ टक्के घसारा, मिळणार ३,०००
- रंगकाम ८,००० रुपये: सामानाचे २,००० धरून त्याच्या निम्मे वजा, मिळणार ७,०००
- मजुरी ३,००० रुपये: पूर्ण मिळणार

बिल २१,०००. घसारा वजा जाता १६,०००. डिडक्टिबलचे १,००० गेल्यावर कंपनी देणार १५,०००. मालकाच्या खिशातून जाणार ६,०००.

आता बोनसचा तोटा पाहा. वरच्या यादीनुसार तो १४,१६० रुपये आहे. म्हणजे २१ हजारांच्या बिलावर क्लेम करून पाच वर्षांत जेमतेम ८४० रुपयांचा फायदा. आयडीव्ही उतरत जाते हे धरले तर फायदा थोडा वाढेल, पण क्लेममुळे पैसे वाचले असे म्हणण्याजोगी ही रक्कम नाही. आणि हेच काम बाहेरच्या चांगल्या डेंटिंग-पेंटिंगवाल्याने १४,००० रुपयांत करून दिले, तर चित्रच पालटते. क्लेमचा एकूण खर्च खिशातले ६,००० आणि बोनसचे १४,१६० मिळून २०,१६० होतो. रोखीने काम केल्यास ६,१६० रुपये वाचतात.

नुकसान याहून छोटे असेल तर उत्तर आणखी स्पष्ट असते. बंपरला फक्त चरे पडले आहेत आणि रंगकामाला ४,५०० रुपये लागणार आहेत असे समजा. सगळ्या कपाती होऊन कंपनीकडून सुमारे २,९४० रुपये मिळतील. बोनसचा तोटा मात्र पहिल्याच वर्षी ५,३१० रुपये. असा क्लेम पहिल्या नूतनीकरणालाच महागात पडतो.

झिरो डेप असेल तर

'झिरो डेप' किंवा 'निल डेप' हे जोडसंरक्षण घेतलेले असेल तर घसाऱ्याची कपात होत नाही. वरच्या उदाहरणात कंपनी १५,००० ऐवजी २०,००० देईल आणि क्लेम करणे ५,८४० रुपयांनी फायद्याचे ठरेल. पण झिरो डेप म्हणजे सगळे फुकट नव्हे. डिडक्टिबल भरावेच लागते. नट-बोल्ट, ऑइल, कूलंट अशा वस्तूंसाठी अनेकदा वेगळे 'कन्झ्युमेबल्स' संरक्षण लागते. बोनसही जातोच. शिवाय अनेक पॉलिसींत झिरो डेपचा लाभ वर्षातून ठरावीक क्लेमपुरताच मिळतो. तो चऱ्यांवर संपवला, तर मोठ्या अपघाताच्या वेळी हात रिकामे राहतात.

'एनसीबी प्रोटेक्ट' हे आणखी एक जोडसंरक्षण. त्यात ठरावीक क्लेमपर्यंत बोनस टिकतो. ते असेल तर वरचा बहुतेक तोटा टळतो आणि क्लेम करायला फारशी हरकत राहत नाही. अटी मात्र कंपनीगणिक वेगळ्या असतात, म्हणून किती क्लेम आणि कोणत्या प्रकारचे, हे पॉलिसीतच वाचावे.

हिशेब बदलणाऱ्या चार गोष्टी

*याच वर्षी आधी एक क्लेम झाला आहे.* मग बोनस तसाही शून्य होणार आहे. त्याच पॉलिसी वर्षातला दुसरा क्लेम त्याला आणखी खाली नेऊ शकत नाही. अशा वेळी छोटा क्लेमही परवडू शकतो. मात्र वारंवार क्लेम करणाऱ्यांचा मूळ हप्ता कंपनी वाढवू शकते, हे लक्षात ठेवावे.

*लवकरच नवी गाडी घ्यायची आहे.* बोनस गाडीला नव्हे, मालकाला मिळतो. जुनी गाडी विकताना कंपनीकडून एनसीबीचे पत्र घेतले, तर तीन वर्षांच्या आत तो नव्या गाडीला लावता येतो. नव्या गाडीचा ओडी हप्ता ३०,००० रुपये असेल तर ५० टक्के बोनस म्हणजे १५,००० रुपयांची सूट, तीही जीएसटी सोडून. जुन्या गाडीच्या पोच्यासाठी ती घालवणे फारच महाग पडते.

*गाडी विकायची आहे आणि दुसरी घ्यायची नाही.* मग बोनस वापरलाच जाणार नाही. पॉलिसीत बसणारे खरे नुकसान असेल तर क्लेम न करण्याचे कारण उरत नाही.

*नूतनीकरणाची तारीख चुकवण्याची सवय आहे.* पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत नूतनीकरण केले नाही, तर साठवलेला बोनस क्लेम न करताही जातो. बंपरसाठी बोनस जपायचा आणि विसरभोळेपणाने घालवायचा, यात काहीच हशील नाही.

इथे हिशेब करत बसू नये

अपघातात कुणाला लागले असेल, अगदी खरचटले असले तरी, विमा कंपनीला कळवावे. मोटर वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे, पोलिसांना लवकरात लवकर आणि जास्तीत जास्त २४ तासांत माहिती देणे आणि विमा कंपनीला लेखी कळवणे ही चालकाची जबाबदारी आहे. दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले असेल तरी हेच कलम लागू होते. आज "काही झालं नाही" म्हणून निघून गेलेला दुचाकीस्वार उद्या दवाखान्याचे कागद घेऊन मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाऊ शकतो. कंपनीला आधी कळवलेले नसेल तर तिथे अडचण होते. थर्ड पार्टीला दिलेल्या भरपाईमुळे ओडीवरचा बोनस जात नाही, त्यामुळे ती भीती बाळगू नये.

आतल्या नुकसानीची शंका असेल तरीही घाई करू नये. वरून बंपरला फक्त तडा दिसतो, पण मागे सेन्सर, रेडिएटर, सस्पेन्शन किंवा चासीला मार बसलेला असू शकतो. गाडी एका बाजूला ओढत असेल, खालून काही गळत असेल किंवा डॅशबोर्डवर नवा दिवा लागला असेल, तर तपासणी होईपर्यंत निर्णय लांबवावा.

"जागेवरच मिटवून टाकू"

छोट्या धडकेनंतर रस्त्यावर हेच वाक्य ऐकू येते. चूक समोरच्याची असली तरी आपल्या ओडीतून क्लेम करता येतो, पण बोनस आपलाच जातो. समोरच्याच्या थर्ड पार्टी विम्यातून गाडीची भरपाई मागता येते. खासगी कारच्या पॉलिसीत त्यासाठी साधारणपणे साडेसात लाख रुपयांची मर्यादा असते. पण तो मार्ग न्यायाधिकरणातून जातो आणि बंपरसाठी तेवढ्या खेपा क्वचितच कुणी घालतो. म्हणूनच कुणाला लागलेले नसताना आपसात मिटवणे अनेकांना सोयीचे वाटते.

मिटवायचेच असेल तर दोन्ही गाड्यांचे आणि नंबर प्लेटचे फोटो काढावेत. पैसे यूपीआयने घ्यावेत म्हणजे नोंद राहते, आणि तडजोड झाल्याचे दोन ओळींत लिहून घ्यावे. उलट आपल्या हातून धक्का लागला असेल आणि विमा वापरण्याची शक्यता असेल, तर कंपनीला न विचारता चूक मान्य करणारे काही लिहून देऊ नये किंवा भरपाईचे वचन देऊ नये. प्रमाणित पॉलिसीत तशी अटच असते.

निर्णय कसा घ्यावा?

१. जागेवर फोटो काढावेत. तारीख, वेळ, ठिकाण लिहून ठेवावे.

२. शक्यतो त्याच दिवशी दोन अंदाज घ्यावेत: अधिकृत वर्कशॉपचा क्लेमसाठीचा आणि बाहेरच्या गॅरेजचा रोखीचा. क्लेम करण्याचा विचार असेल तर सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत काम सुरू करू देऊ नये.

३. "या अंदाजातले माझ्या खिशातून किती जातील?" असे वर्कशॉपला नेमके विचारावे.

४. पॉलिसीतून ओडी हप्ता आणि बोनसचा टक्का पाहून वरच्या यादीवरून तोटा काढावा.

५. खिशातला वाटा आणि बोनसचा तोटा यांची बेरीज रोखीच्या खर्चाहून जास्त आली, तर रोखीने काम करावे. कमी आली, तर क्लेम करावा.

हे सगळे एक-दोन दिवसांत उरकावे. अपघात लगेच कळवण्याची अट पॉलिसीत असते. उशिराला खरे कारण असेल तर केवळ उशीर झाला म्हणून क्लेम सरसकट नाकारू नयेत, असे आयआरडीएआयने २० सप्टेंबर २०११ च्या परिपत्रकात कंपन्यांना सांगितले आहे. पण "बोनसचा विचार करत होतो" हे तसे कारण ठरणे कठीण. क्लेम नोंदवल्यावर मागे घ्यायचा झाला, तर बोनस कायम राहील का, हे कंपनीकडून ईमेलवर लिहून घ्यावे.

दोन गोष्टी अजिबात करू नयेत

वर्षभरातले सगळे चरे आणि पोचे एकाच अपघाताच्या नावावर खपवण्याचा सल्ला काही गॅरेजमध्ये मिळतो. प्रत्येक अपघात हा वेगळा क्लेम असतो. धडक मागून झाली आणि चरा पुढच्या दाराला असला, की सर्व्हेअरला तो ओळखता येतो. खोट्या माहितीमुळे खरा क्लेमही अडकतो.

दुसरी चूक कंपनी बदलताना होते. क्लेम झालेला असताना नव्या कंपनीला "क्लेम नाही" असे सांगून बोनस घेतला जातो. नवी कंपनी जुन्या कंपनीकडे पडताळणी करू शकते. माहिती खोटी निघाली तर ओडीतले लाभ नाकारले जातात. काही हजारांची सूट मिळते आणि लाखांचे संरक्षण जाते.

क्लेम केला आणि कपात चुकीची वाटली, तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई आणि पुण्यात त्याची कार्यालये आहेत, आणि तक्रारीसाठी शुल्क लागत नाही.

विमा हा न झेपणाऱ्या खर्चासाठी असतो. पार्किंगमधल्या चऱ्याचा खर्च बहुतेकांना झेपतो. गाडीचा पुढचा भाग चेपला आणि बिल लाखावर गेले, तर तेव्हा क्लेमच करायचा असतो. अवघड असते ती या दोन्हींच्या मधली पंधरा ते तीस हजारांची बिले. तिथे गॅरेजवाल्याला उत्तर देण्याआधी पॉलिसीतली 'बेसिक ओडी प्रीमियम'ची ओळ शोधावी. उत्तर बहुतेक वेळा तिथूनच मिळते.